पोस्टरवरचा खेळाडू आणि दवाखान्यातला खेळाडू: साथीत लोक नक्की कुणाचं ऐकतात?

वारणेची_लेक

परवा उपकेंद्रातलं लोखंडी कपाट आवरायला काढलं. जुनी रजिस्टरं, मुदत संपलेली ओआरएसची पाकिटं आणि अगदी तळाशी रबर लावलेली पोस्टरची गुंडाळी. २०२० साली आलेली. उलगडून बघितली तर हातात बॅट, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडाला मास्क लावलेला कुणी फलंदाज. खाली ‘घरी रहा, सुरक्षित रहा’. आमच्या आशाताईंनी पोस्टर उजेडात धरून दोनदा निरखलं आणि विचारलं, "मॅडम, हे कोण म्हणायचं?" मलाही सांगता येईना. निम्मं तोंड मास्कनं खाल्लेलं, उरलेलं हेल्मेटनं. ओळखीचा चेहरा असावा म्हणून खेळाडू छापायचा आणि तोच झाकून टाकायचा! दोघीही पोट धरून हसलो.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून हा धागा. मी आरोग्यसेविका आहे, सांगली जिल्ह्यात. नोकरीत असल्यामुळे गाव लिहीत नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला एकाच कुटुंबातले इतके जण सापडले होते की महाराष्ट्रभर आमच्या जिल्ह्याचं नाव झालं. त्यामुळे भीती आमच्याकडे लवकर आली आणि लवकर शिळीही झाली.

आमच्या भागात तालमी आहेत. तालमीत एक समज पक्का होता: रग असलेल्या अंगाला हा रोग शिवत नाही. "रोज हजार बैठका मारतोय, थंडाई पितोय, आमास्नी काय हुतंय?" हे मी किती वेळा ऐकलं असेल. मास्क लावणं म्हणजे पैलवानकीचा अपमान. व्हिडिओ दाखवले, खेळाडूंचे मेसेज पुढे पाठवले. बघायचे, हसायचे, दुसरा व्हिडिओ लावायचे.

मग २७ मार्च २०२१ ला सचिननं स्वतःच जाहीर केलं की आपण पॉझिटिव्ह आहोत. २ एप्रिलला तो दवाखान्यात दाखल झाला. वर्ल्ड कप जिंकल्याला बरोबर दहा वर्षं झाली, त्याच दिवशी. आणि इकडे १ एप्रिलपासूनच ४५ च्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झालेली. सोमवारी मी झेडपीच्या शाळेत लस टोचायला बसले होते. कुपीत दहा डोस, एकदा फोडली की चार तासांत संपवायची. सात माणसं जमलेली आणि तिघांची वाट बघत आम्ही बसलेलो. तेवढ्यात तालमीचे वस्ताद आले. वय पन्नाशी ओलांडलेलं, कान मोडलेले, सोबत दोघं. खुर्चीत बसले, बाही वर केली. आणि सुई टोचायच्या आत म्हणाले, "त्यो सचिन दवाखान्यात गेला म्हणं. त्येच्यापरास काय आमचं अंग मोठं लागून गेलंय?"

कुपी फुटली. दहा झाले.

आता त्याच दुपारची दुसरी गोष्ट. गावातले एक किराणा दुकानदार दारापर्यंत आले, आत डोकावले आणि म्हणाले, "येवढा पैसा, येवढे डॉक्टर, त्यालाबी झालाच की. मग तुमची सुई घिऊन आमी काय दिवं लावणार?" आणि निघून गेले. बातमी तीच, दिवसही तोच.

माझा अंदाज असा की खेळाडूच्या तोंडून आलेलं लोक ऐकत नाहीत, त्याच्या अंगाला काय झालं ते बघतात. हे फक्त आमच्या गावापुरतं आहे की इतरत्रही असंच झालं? जाणकारांनी लिहावं.

---

लेगब्रेक

वाचनखूण साठवली. ताई, ते हेल्मेटवालं पोस्टर कृपया फेकू नका, फोटो टाका.

१८ एप्रिल २०२० ला बीसीसीआयनं ‘टीम मास्क फोर्स’ नावाचा व्हिडिओ काढला होता. कोहली, सचिन, गांगुली, द्रविड, रोहित, मिताली, हरमनप्रीत आणि तुमच्या सांगलीची स्मृती मानधना, सगळे त्यात. घरी शिवलेला मास्क वापरा आणि आरोग्य सेतू ॲप घ्या, एवढाच निरोप. त्याच्या आधी ३ एप्रिलला पंतप्रधानांनी चाळीसेक खेळाडूंशी व्हिडिओ कॉलवर बोलून लोकांपर्यंत निरोप पोचवायला सांगितलं होतं. त्यात काही चूक होती असं नाही. पण मला त्या व्हिडिओतलं एकही वाक्य आज आठवत नाही, आणि क्रिकेटच्या बाबतीत माझी स्मरणशक्ती अशी आहे की शारजातल्या ओव्हर सांगतो.

मला काय आठवतं? मार्च २०२१. रुग्ण वाढायला लागलेले आणि अहमदाबादला इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या दोन टी-ट्वेंटी सामन्यांना अर्ध्या लाखाहून जास्त माणूस. कॅमेरा फिरतोय आणि मास्क हनुवटीवर. तिसऱ्या सामन्यापासून प्रेक्षक बंद केले, पुण्याचे वनडे रिकाम्या गहुंज्यात झाले. पण तोवर जो निरोप जायचा तो गेला होता. त्याच महिन्यात रायपूरला माजी खेळाडूंची स्पर्धा, तीही प्रेक्षकांसमोर. तिथून परतल्यावर सचिन, युसुफ पठाण, बद्रिनाथ, इरफान पठाण एकापाठोपाठ पॉझिटिव्ह. स्पर्धेचं नाव रोड सेफ्टी! रस्त्यावरच्या सुरक्षेचा निरोप द्यायला गेले आणि आजार घेऊन आले. हसावं की रडावं.

म्हणजे ताई, तुमचं म्हणणं पटतंच, पण त्यात मी भर घालेन. अंग बघतात तसं मैदानही बघतात. मैदान भरलेलं दिसलं की साथ संपली.

---

फुकट_फौजदार

खेळाडूंनी खेळावं, डॉक्टरांनी औषध द्यावं, इतका साधा विषय आहे. मार्च २०२० च्या सुरुवातीला लिव्हरपूल फुटबॉल क्लबचा तेव्हाचा प्रशिक्षक क्लॉप याला पत्रकारानं कोरोनाबद्दल विचारलं. तो भडकला. माझं मत कशाला हवंय, मी टोपी घालणारा, दाढी धड न केलेला फुटबॉलचा माणूस आहे, ज्यांना कळतं त्यांना विचारा, अशा अर्थाचं बोलला. साथीत एखाद्या खेळाच्या माणसानं दिलेला सगळ्यात शहाणा आरोग्यसंदेश तोच. आपल्याकडे एक तरी असं म्हणाला का? इथे तर वेलचीच्या नावाखाली काय काय विकतात आणि वर तंदुरुस्तीवर प्रवचन.

---

लेगब्रेक

फौजदार, गंमत बघा. क्लॉप ‘माझं ऐकू नका’ म्हणाला आणि लोकांनी नेमकं त्याचंच ऐकलं. ती क्लिप जगभर फिरली. कुठल्याही साथरोगतज्ज्ञाची तेवढी फिरली नसेल. मग खेळाडूनं बोलू नये हे कसं सिद्ध झालं?

---

फुकट_फौजदार

बरं. एक धाव तुमची.

---

यारापार

मेलबर्नहून. इथे वीस वर्षं झाली, मूळ चिपळूण.

धागालेखिका ‘अंग बघतात’ म्हणतात, त्यावर इथल्या सरकारनं चक्क कोर्टात शिक्कामोर्तब केलंय. जानेवारी २०२२, जोकोविच. आधी थोडी पार्श्वभूमी. मेलबर्नमध्ये सगळ्या टाळेबंद्या मिळून २६२ दिवस आम्ही घरात होतो. माझी आई चिपळूणला गेली तेव्हा मी इथे आणि देशाच्या सीमा बंद. दहाव्याचे विधी फोनवर बघितले, नेटवर्क जात होतं, भटजींचा आवाज तुटत होता. असं प्रत्येक घरात काहीतरी होतं. आणि अशात ४ जानेवारीला एका टेनिसपटूची पोस्ट येते की मला लसीच्या नियमातून सूट मिळाली, मी ऑस्ट्रेलियन ओपनला निघालो. लस न घेता. त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर जो संताप बघितला तो इथल्या शांत माणसांत मी कधी बघितला नव्हता.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. विमानतळावर व्हिसा रद्द, कार्लटनमधल्या त्या हॉटेलात रवानगी जिथे निर्वासितांना महिनोन्‌महिने डांबून ठेवलेलं होतं, मग न्यायाधीशांनी सोडलं, मग १४ तारखेला मंत्री अलेक्स हॉक यांनी स्वतःच्या अधिकारात पुन्हा रद्द केला आणि १६ ला फेडरल कोर्टानं तो निर्णय उचलून धरला. पण मंत्र्यांचं कारण वाचण्यासारखं आहे. त्याच्यामुळे कुणाला लागण होईल असा त्यांचा मुद्दाच नव्हता. तो धोका नगण्य आहे हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्यांचं म्हणणं होतं की हा माणूस इथे नुसता असला तरी लसविरोधाला बळ मिळेल. म्हणजे बोलण्यावर आक्षेप नाही, असण्यावर.

मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. आज विचारलंत तर थोडी अस्वस्थ होते. कुणाच्या नुसत्या असण्यातून काय निरोप जातो हे सरकारनं ठरवायचं, ही वाट कुठे जाते कोण जाणे. २०२३ ला तो आला, जिंकला, आणि त्याच लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही होते स्टँडमध्ये. वरच्या रांगेत, स्वस्तातलं तिकीट.

---

सटरफटर

जोकोविचबद्दल एक बोलू का? त्यानं निदान लपवलं नाही. लस घेणार नाही म्हणाला, त्यापायी स्पर्धा गेल्या तरी चालतील म्हणाला, आणि गेल्याही. त्या वर्षीची यूएस ओपनसुद्धा. याउलट अमेरिकन फुटबॉलवाला ॲरन रॉजर्स. ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेतली का असं विचारल्यावर म्हणाला, हो, माझं इम्युनायझेशन झालंय. नोव्हेंबरमध्ये पॉझिटिव्ह आला तेव्हा कळलं की लस घेतलीच नव्हती, भलतेच उपचार केले होते. दंड किती? १४,६५० डॉलर. त्याच्या पगारात तो चहापाणी म्हणूनही दिसणार नाही.

---

यारापार

सटरफटर, ‘लपवलं नाही’ हे अर्धंच खरं. डिसेंबर २०२१ मध्ये आपण पॉझिटिव्ह आहोत हे माहीत असताना त्यानं फ्रेंच पत्रकाराला मुलाखत दिली, हे त्यानंच कबूल केलंय. आणि जून २०२० ची एड्रिया टूर, त्यानंच भरवलेली टेनिस स्पर्धा? बेलग्रेडला गच्च स्टेडियम, गळाभेटी, रात्री नाचगाणी. मग दिमित्रोव्ह, चोरिच, ट्रॉयकी आणि तो स्वतः, सगळे पॉझिटिव्ह.

---

डॉ_खोकला

धागा चांगला चाललाय म्हणून लिहितो. फिजिशियन आहे, दुसऱ्या लाटेत पुण्यात कोविड वॉर्ड सांभाळला.

सचिनच्या आजाराची एक बाजू ताईंनी सांगितली. त्याला पुढचा भाग आहे. ८ एप्रिलला तो घरी आला आणि २४ एप्रिलला वाढदिवशी त्यानं व्हिडिओ टाकला. मी पात्र झालो की प्लाझ्मा (बरे झालेल्याच्या रक्तातला द्रव भाग) दान करणार, बरे झालेल्यांनीही डॉक्टरांना विचारून करावा. इतका मनापासून बोलला की कुणाचंही मन हलेल. अडचण एवढीच की प्लाझ्मानं फायदा होत नाही हे तोवर पुरेसं कळलं होतं. आपल्याच आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर चाचणी केली होती, तिचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला: आजार बळावणं कमी झालं नाही, मृत्यूही कमी झाले नाहीत.

आता एप्रिल २०२१ मधली रात्र डोळ्यांपुढे आणा. नातेवाईक माझ्यासमोर उभा. ऑक्सिजन खाली चाललाय. तो मला विचारतो, "डॉक्टर, प्लाझ्मा?" मी म्हणतो, त्यानं काही होणार नाही, बाबांजवळ थांबा. तो फोन पुढे करतो. आता मी काय सांगू, सचिन चुकतोय? पोरगा रात्रभर रक्तपेढ्या हिंडला. पहाटे पिशवी घेऊन आला तेव्हा बघायला आत जाता येईल असं कुणी उरलं नव्हतं. हे मी त्या पोराला कधीच बोललो नाही, इथे टोपणनावामागे लिहितोय.

१७ मे ला प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला गेला.

---

लेगब्रेक

डॉक्टर, वाचून गलबलायला झालं. पण ‘काढला गेला’ म्हणजे तोवर यादीत होता ना? मग सचिननं सरकारी यादीतलंच सांगितलं, तेही डॉक्टरांचा हवाला देऊन. त्याचा काय दोष? त्याच आठवड्यात त्यानं ऑक्सिजनसाठी १ कोटी दिले, त्याबद्दलही लिहा की.

---

डॉ_खोकला

दोष दिलेलाच नाही. बरोबर आहे तुमचं, तो यादीत होता आणि ती जबाबदारी आमच्या लोकांची. तक्रार माणसाबद्दल नाही, आवाजाच्या मापाबद्दल आहे. माझ्या एका ज्येष्ठांनी तेव्हा प्लाझ्माबद्दल चूक मत दिलं, ते पंधरा जणांनी ऐकलं आणि चार दिवसांत सुधारलं. सचिनचं कोट्यवधींनी ऐकलं. शास्त्र महिन्याला मत बदलतं, त्यात काही लाज नाही. पण खेळाडूचा व्हिडिओ मागे घेता येत नाही, तो फिरतच राहतो. म्हणून माझं म्हणणं, खेळाडूनं वागणं दाखवावं, उपचार सांगू नये. मास्क लाव, हात धू, रांगेत उभा राहून लस घे. औषधाचं नाव मात्र तोंडातून काढू नको.

---

सटरफटर

रांगेवरून आठवलं, मे २०२१ मध्ये कुलदीप यादवनं लस घेतानाचा फोटो टाकला आणि तो केंद्रावर नाही, कानपूर महापालिकेच्या गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर काढलेला निघाला. जिल्हा प्रशासनानं चौकशी लावली. लोक पहाटे चारला उठून स्लॉट शोधत होते तेव्हाची गोष्ट. ‘लस घ्या’ असा निरोप द्यायला गेला आणि पोचला ‘लस आमच्या लॉनवर येते’ असा.

---

ब्रमिंगहॅमची_काकू

सगळे प्रतिसाद वाचले. मी बर्मिंगहॅममध्ये राहते, ४१ वर्षं. एक जुनी गोष्ट सांगते, ती इथल्या आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याकडून ऐकली आणि मग लायब्ररीत वाचूनही काढली.

१९५९ साल. पोलिओची लस इथे १९५६ पासून होती. लहान मुलांना आया घेऊन जायच्या, पण विशी-पंचविशीतले तरुण काही केल्या येत ना. पोलिओ म्हणजे पोरांचा आजार, आपल्याला काय होतंय, अशी समजूत. तुमच्या तालमीसारखंच. बर्मिंगहॅम सिटीचा जेफ हॉल नावाचा खेळाडू होता, इंग्लंडकडून १७ सामने खेळलेला बचावपटू. २१ मार्चला पोर्टस्मथला सामना खेळला. ४ एप्रिलला पोलिओनं गेला. वय २९. दोन आठवडे, बस.

आणि मग जे तरुण पत्रकांनी, रेडिओनं, कशानं हलत नव्हते, ते दवाखान्यांपुढे रांगा लावून उभे राहिले. इतके आले की लस पुरेना, जादा केंद्रं उघडावी लागली. त्याची विधवा बायको टीव्हीवर येऊन बोलली. आमचा शेजारी त्या रांगेत होता, कारखान्यातून कामाच्या कपड्यांत गेलेला. तो म्हणायचा, शनिवारी ज्याला पळताना बघितलं तो पुढच्या पंधरवड्यात मेला, मग मी कोण? मैदानावर हॉलच्या नावाचं घड्याळ आहे. म्हातारा मॅचला गेला की आधी त्याच्याकडे बघायचा, म्हणे वेळ बघतो.

ताई, तुमच्या वस्तादांचं वाक्य आणि ह्याचं वाक्य एकच आहे हो. ६२ वर्षांचं अंतर.

---

वारणेची_लेक

काकू, अंगावर काटा आला. डॉक्टरांचा प्रतिसाद तर दोनदा वाचला, त्यावर लिहायला मला वेळ लागेल.

पण मनात एक येतं. म्हणजे लोकांनी ऐकावं म्हणून खेळाडू मरायलाच पाहिजे का? ही काय योजना झाली?

---

निमशहरी

मरायला नको, पण आजारी पडून सांगितलं तरी किती चालतं त्याला मर्यादा आहे. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन बघा. ७ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं सांगितलं की मला एचआयव्ही आहे आणि मी खेळ सोडतोय. तोवर अमेरिकेत बहुतेकांना वाटायचं की हा ‘त्या’ लोकांचा आजार. हेल्पलाइनवर फोनचा पूर आला, तपासणीला गर्दी झाली. संदेश म्हणून विचाराल तर याहून मोठा खेळाडूचा संदेश मला माहीत नाही.

पण त्याच्या स्वतःच्या सहकाऱ्यांना तो पटला का? १९९२ च्या फेब्रुवारीत तो ऑल-स्टार सामना खेळला, बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं, सगळीकडे मिठ्या. मग पुन्हा लीगमध्ये यायचं ठरवलं तर कार्ल मलोनसारखा ड्रीम टीममधला, म्हणजे त्याच ऑलिंपिक संघातला सोबती उघड म्हणाला की खरचटलं, रक्त आलं तर काय? हंगाम सुरू व्हायच्या आत जॉन्सननं पुन्हा निवृत्ती घेतली. लाखो अनोळखी लोकांना पटलं, शेजारच्या लॉकरवाल्याला नाही. घाम दूर असतो तोवर सगळे शहाणे.

(अवांतर: त्याच सुमारास टेनिसपटू आर्थर ॲशचं झालं. त्याला सांगायचंच नव्हतं. रक्त चढवताना एड्स झाला होता, घरात लहान मुलगी. वर्तमानपत्राला कुणकुण लागली म्हणून एप्रिल १९९२ मध्ये स्वतःहून जाहीर करावं लागलं. दहा महिन्यांत गेला. खेळाडूच्या अंगावर लोकांचा हक्क कुठवर, हाही एक धागा होईल.)

---

सांजवात

मला इथे सगळ्यांच्या थोडं विरोधात लिहायचंय. ‘अंग हाच निरोप’ हे ऐकायला छान आहे, पण अंग मुकं असतं. त्याच्या तोंडी कुणीही काहीही घालतं.

१२ जून २०२१. युरो कप, कोपनहेगन, डेन्मार्क विरुद्ध फिनलंड. डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन थ्रो-इनचा चेंडू घ्यायला पुढे आला आणि कोसळला. हृदय थांबलं होतं. सहकारी त्याच्याभोवती कडं करून, पाठ फिरवून उभे राहिले, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून. मी लाइव्ह बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर काय आलं असेल? ‘लस घेतली होती, बघा काय झालं.’ त्याच्या क्लबच्या, म्हणजे इंटरच्या संचालकांनी सांगितलं होतं की त्याला कोविड झालेला नाही आणि लसही घेतलेली नाही. मी ते ग्रुपवर टाकलं. कुणी वाचलं नाही. माझा भाऊ जिममध्ये ट्रेनर आहे, वय तेव्हा २८. त्याच्या जिममधल्या पोरांनी तो व्हिडिओ इतका बघितला की अर्ध्यांनी पहिला डोससुद्धा सप्टेंबरपर्यंत घेतला नाही.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा डॅमर हॅमलिन छातीवर धक्का बसून कोसळला. पुन्हा तेच. आता तर आपल्याकडे कुणी गरब्यात पडो, ट्रेडमिलवर पडो, खाली पहिली कमेंट ठरलेली. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये सांगितलं की लसीमुळे धोका वाढलेला नाही, उलट लस घेतलेल्यांत कमीच होता. पण अभ्यास कोसळताना दिसत नाही ना. खेळाडू दिसतो.

त्यामुळे ताई, तुमचे वस्ताद आणि तुमचे दुकानदार हे अपवाद नाहीत. तेच सगळं आहे. एकाच अंगातून दोघांनी आपापल्याला हवं ते वाचलं. मधे सांगणारं कुणीतरी लागतंच.

---

वारणेची_लेक

सांजवात, हे मला सुचलं नव्हतं. मूळ लेखात मी जे ठामपणे लिहिलं ते अर्धं मागे घेते.

---

फुकट_फौजदार

सगळे लोकांना सांगण्यावरच अडलेत. खेळाडूनं सरकारला सांगावं की! इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफोर्ड. जून २०२० मध्ये इंग्लंडनं शाळेतलं मोफत जेवण उन्हाळी सुट्टीत द्यायला नकार दिला होता. पोरगा २२ वर्षांचा. लहानपणी स्वतः तेच जेवण जेवलेला. खासदारांना जाहीर पत्र लिहिलं, दुसऱ्या दिवशी सरकारनं निर्णय फिरवला. सुमारे १३ लाख पोरांचं जेवण. हात धुवा, मास्क लावा काही नाही. एक मागणी, एक पत्ता. आपल्याकडे ऑक्सिजनसाठी असं एक पत्र कुणी लिहिलं? सगळे दान देत होते, विचारत कुणीच नव्हतं. कारण विचारलं की

---

व्यवस्थापक

याखालचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत आणि वरच्या प्रतिसादाचं शेवटचं वाक्य अर्ध्यात तोडलं आहे. राजकारणासाठी वेगळा विभाग आहे. विषयावर या.

---

लेगब्रेक

फौजदारांच्या न तोडलेल्या भागाशी सहमत. (फौजदारांशी, आणि मी! प्रकृती ठीक आहे ना माझी?)

आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारं एक उदाहरण फुटबॉलपटू सुनील छेत्रीचं. दुसऱ्या लाटेत त्यानं स्वतःचं ट्विटर खातं बेड, ऑक्सिजन, औषधं शोधून देणाऱ्या लोकांच्या हवाली केलं. माझा आवाज तुम्ही वापरा म्हणाला. मला हे फार आवडलं. मार्च २०२० मध्ये फिफा आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या व्हिडिओत मेस्सीसोबत छेत्रीही होता, हात कसे धुवायचे ते सांगायला. ते कुणाला आठवतं? पण खातं देऊन टाकलं ते आठवतं.

आणि जोगिंदर शर्मा! २००७ च्या फायनलची शेवटची ओव्हर टाकणारा. लॉकडाऊनमध्ये हरियाणा पोलिसात डीएसपी म्हणून रस्त्यावर उभा होता. त्यानं ‘घरी जा’ म्हटलं तर ती जाहिरात नव्हती, ड्यूटी होती.

---

निमशहरी

+१. त्याच माळेत कॅनडाचा अमेरिकन फुटबॉलपटू लोरां दुव्हर्ने-तार्दिफ. फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल जिंकला, डॉक्टरकीची पदवी होतीच, माँट्रियलजवळच्या वृद्धांच्या निवासात कामाला लागला आणि पुढचा हंगामही सोडला. इटलीचा रग्बीपटू मॅक्सिम म्बांदा पार्मात रुग्णवाहिकेवर. यांना कुणी पटकथा लिहून दिली नव्हती.

---

डॉ_खोकला

वारणेची_लेक, एक विचारायचं राहिलं. वस्तादांचा दुसरा डोस झाला का? आमच्याकडे पहिला घेऊन गायब झालेले खूप.

---

वारणेची_लेक

डॉक्टर, नेमकं तेच लिहायचं की नाही या विचारात होते.

त्यांच्या कार्डावर मी स्वतःच्या हातानं मे अखेरची तारीख घातली होती. १३ मे ला कोविशील्डचं अंतर वाढवून बारा ते सोळा आठवडे केलं. गावात दवंडी दिली, आशाताई घरोघर फिरल्या, पण वस्ताद तेव्हा लेकीकडे शिराळ्याला होते. ठरलेल्या तारखेला सकाळी आठला धुतलेला सदरा घालून हजर. सोबत तालमीतली चार पोरं, त्यांना नुसतं दाखवायला आणलेलं, की बघा, काही होत नाही. आणि मला त्यांच्यासमोर सांगावं लागलं की आज नाही, नियम बदललाय, जुलैत या.

ते काही बोलले नाहीत. कार्ड घडी करून खिशात घातलं. पोरांपैकी एक फिस्सकन हसला. जाता जाता दारात थांबून विचारलं, "बाई, सचिनला पन असंच माघारी धाडलं असतं का वं?"

मी म्हटलं, हो, नियम सगळ्यांना सारखा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली.

जुलै गेला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आले, एकटे. पोरं नाहीत, सदरा रोजचाच. दंड पुढे केला, सुई घेतली, अर्धा तास बाकावर बसले आणि उठून गेले. माझ्याशी एक शब्द नाही. त्या चार पोरांपैकी दोघांचे डोस पुढे कॉलेजनं सक्ती केली तेव्हा झाले. उरलेल्या दोघांचं रजिस्टरमध्ये काही सापडत नाही.

---

ब्रमिंगहॅमची_काकू

अगं बाई.

---

लेगब्रेक

आणि त्या पोस्टरचा फोटो? टाकताय ना?

---

वारणेची_लेक

लेगब्रेक भाऊ, उशीर झाला. कपाटाच्या खालच्या कप्प्याला गंज धरलाय, तिथं अंथरून टाकलं. छापील बाजू खाली. वर गोवर-रुबेलाची कार्डं ठेवलीत.